लोहमार्गांच्या रेघा

रेल्वेच्या वेळापत्रकाचे पुस्तक हाती आले की त्याला जोडलेला घडीचा नकाशा आपण प्रथम उलगडतो. त्यावर आपले गाव सापडले की बरे वाटते. गावाजवळून रेघच गेली नसेल तर नकाशा मिटून आपण एस. टी. च्या चौकशीला लागतो. हा नकाशा कोणी काढला, कशासाठी काढला, त्यातली एक रेघ जाड आणि दुसरी बारीक का, असे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ब्रिटनमध्ये मात्र अशाच रेघांवरून शेकडो गावांची आगगाडी गेली, एका खेडेगावच्या धर्मोपदेशकाला मध्यरात्री पोलिसांनी धरून नेले, आणि पुसून टाकलेली एक रेघ सेहेचाळीस वर्षांनी पुन्हा काढावी लागली. श्रोतेहो, आज त्या रेघांची हकीकत सांगावयाची आहे.

इंग्लंडात आगगाडी आली ती तुकड्यातुकड्यांनी. 1825 साली स्टॉक्टन ते डार्लिंग्टन, 1830 साली लिव्हरपूल ते मँचेस्टर, आणि त्यानंतर दरसाल कोठे ना कोठे नवा तुकडा. बहुतेक प्रत्येक तुकड्याची मालक कंपनी निराळी. एकीची हद्द संपली की उतारूंनी उतरावे, पुन्हा तिकीट काढावे. मालाची पोती एका वाघिणीतून दुसरीत भरावी. गोव्यातील व बेळगावकडील जुन्या मंडळींना याची कल्पना चटकन येईल. पोर्तुगीज हद्दीतून येणाऱ्या कंपनीची आणि सदर्न मराठा रेल्वेची गाठ कॅसलरॉकच्या घाटात पडत असे. इंग्लंडात अशा गाठी शेकड्यांनी होत्या.

त्यावर तोड निघाली ती 1842 साली. लंडनच्या पेढ्या आपापल्या हुंड्या-चेकांची वजावट एका घरात बसून करीत. त्याच धर्तीवर काही रेल्वे कंपन्यांनी मिळून यूस्टन स्टेशनाजवळ एक हिशेबघर काढले. त्याचे नाव रेल्वे क्लिअरिंग हाउस. उतारूला शेवटच्या मुक्कामापर्यंत एकच तिकीट मिळावे, माल एकाच वाघिणीतून जावा, आणि आलेला पैसा ज्या कंपनीच्या रुळांवरून जितके मैल प्रवास झाला असेल त्या मानाने वाटला जावा, अशी ही योजना. बोलायला सोपी; परंतु तिच्यासाठी प्रत्येक जंक्शनावर माणूस उभा करावा लागे. ऊन असो, पाऊस असो, जाणाऱ्या-येणाऱ्या वाघिणींचे क्रमांक, फार काय, त्यांवर घातलेल्या ताडपत्र्यांचेही क्रमांक टिपून घेणे हेच त्याचे काम. ती टिपणे लंडनला जात आणि तेथे कारकुनांच्या रांगाच्या रांगा त्यांचा मेळ घालीत. एकोणिसावे शतक संपता संपता त्या कारकुनांची संख्या दोन हजारांवर गेली होती.

याच घरात जॉन एअरी नावाचा एक कारकून होता. वाटणी मैलांवर करावयाची, तर कोणत्या टोकापासून कोणत्या सांध्यापर्यंत नेमके किती अंतर, आणि तो सांधा कोणाचा, हे ठाऊक असले पाहिजे. भूगोलाचा साधा नकाशा येथे निरुपयोगी. म्हणून एअरीने जंक्शनांच्या आकृत्या तयार केल्या आणि 1867 साली त्यांचे पुस्तक छापून काढले. पुढे 1895 मध्ये क्लिअरिंग हाउसने हा उद्योग स्वतःकडे घेतला.

या आकृत्या आजही पाहण्यासारख्या आहेत. प्रत्येक कंपनीला निराळा रंग, प्रत्येक सांध्याला नाव, आणि दोन सांध्यांमध्ये मैल व साखळ्यांत लिहिलेले अंतर. ही साखळी म्हणजे जमीनमोजणीची सहासष्ट फुटी साखळी. ऐंशी साखळ्यांचा मैल. आपल्या गुंठ्याची बाजू तेहतीस फूट, म्हणजे बरोबर या साखळीच्या निम्मी, हे मोजणीखात्यातल्या जाणत्यांना सांगावयास नको. या आकृतीत नदी नाही, डोंगर नाही, दिशाही फारशी खरी नाही. एखाद्या मोठ्या शहराभोवती पाचसहा रंगांचे धागे एकमेकांत अडकलेले दिसतात, आणि मध्येच एखादा चार साखळ्यांचा तुकडा तिसऱ्याच कंपनीच्या रंगात. तेवढ्या तुकड्याचाही वाटा वेगळा निघे. मला या आकृत्यांची नवलाई वाटते ती त्यांच्यामागील न्यायबुद्धीमुळे. तिकीट कोठे विकले गेले याला महत्त्व नव्हते. प्रवास कोणत्या रुळांवरून झाला याला होते. हॉविकला काढलेल्या लंडनच्या तिकिटात वाटेवरच्या प्रत्येक मार्गाचा अंश आहे, हे त्या हिशेबात गृहीत होते. अर्थात ही न्यायबुद्धी धर्मभावनेतून आलेली नव्हती. प्रत्येक कंपनी दुसरीच्या वहीकडे डोळे लावून बसली होती, तीतून आली होती.

1923 च्या आरंभी शंभरावर कंपन्यांच्या चार मोठ्या कंपन्या करण्यात आल्या, आणि 1948 च्या 1 जानेवारीला त्या चारही राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. रंग कमी होत गेले, आकृत्यांची गरजही कमी होत गेली. मधल्या काळात नकाशा उतारूंच्या सोयीसाठी सरळ होऊ लागला होता. 1929 मध्ये जॉर्ज डाऊ याने लंडनच्या उत्तरेकडील उपनगरी गाड्यांसाठी सरळ रेषांची आकृती काढली. 1933 मध्ये हॅरी बेक या आरेखकाची लंडनच्या भुयारी रेल्वेची आकृती लोकांच्या हाती पडली. दुसरीची कीर्ती जगभर झाली आहे, म्हणून तिच्याविषयी येथे अधिक सांगत नाही.

आता वळतो त्या अप्रिय नकाशांकडे.

आडमार्ग बंद पडणे ही काही 1963 ची नवलाई नव्हे. त्याआधीही पुष्कळ मार्ग मोडले होते. स्टॅफर्डशायरमध्ये मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात अडीच फुटी रुळांची एक आठ मैलांची चिमुकली रेल्वे 1904 साली सुरू झाली आणि 1934 साली बंद पडली. तिचा स्थापत्यकार एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. याच गृहस्थाने तिच्याआधी सोलापूर जिल्ह्यात बार्शी लाइट रेल्वे बांधली होती, आणि तेथे घेतलेला अनुभव त्याने इंग्लंडच्या खोऱ्यात वापरला. बार्शीची धाकटी बहीण विलायतेत जन्मली आणि थोरलीच्या कितीतरी आधी गेली. मोटारी व मालट्रक आले, आणि अशा मार्गांचा जीव थोडा होत गेला. 1962 साली ब्रिटिश रेल्वेला चालू खर्चातच दहा कोटी पौंडांवर तूट आली. काहीतरी केले पाहिजे, हे सर्वांनाच कळत होते.

हुजूर पक्षाच्या सरकारने हे काम सोपविले डॉ. रिचर्ड बीचिंग यांच्याकडे. हे भौतिकशास्त्राचे डॉक्टर, एका मोठ्या रसायन कंपनीतून आलेले. 27 मार्च 1963 रोजी त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याचे दोन भाग होते: एक मजकुराचा, दुसरा निव्वळ नकाशांचा. 1961 च्या एप्रिलमधील एका आठवड्याची वाहतूक मोजून ती या नकाशांत रेघांच्या जाडीने दाखविली होती. देशातील एकतृतीयांश मार्गावर एकूण उतारू-वाहतुकीचा केवळ शंभरावा हिस्सा चालतो, असे त्यातून निघाले. म्हणून सुमारे पाच हजार मैलांचे मार्ग आणि 2,363 स्टेशने बंद करावीत अशी शिफारस झाली.

बीचिंग यांना खलपुरुष ठरविण्याची इंग्लंडात चालच पडली आहे. मला ते अन्यायाचे वाटते. त्यांनी आकडे लपविले नाहीत. उलट नकाशे काढून सर्वांपुढे मांडले. दोष होता तो त्या रेघांना काय दिसत नव्हते यात. एप्रिलचा आठवडा, त्या वेळी समुद्रकाठची गावे ओस असतात, त्यांची गर्दी उन्हाळ्यात. शिवाय स्टेशनांची योग्यता त्यांच्या उत्पन्नावरून लावली होती. टीकाकारांनी लगेच विचारले, की सुटीला येणारा माणूस जाण्यायेण्याचे तिकीट आपल्या शहरात काढतो. मग त्याला उतरवून घेणाऱ्या गावाच्या खिडकीवर पैसा दिसावा कसा? एअरीच्या आकृतीने चार साखळ्यांचाही वाटा शोधून काढला होता. या नकाशात मात्र प्रत्येक रेघ आपल्या पायापुरती उभी होती. ओढा बारीक म्हणून तोडावा, तर नदीचे पाणीही तेवढे कमी होते, एवढी गोष्ट तीत दाखविण्याची सोय नव्हती. आडमार्ग गेला की लोक मोटारीने मोठ्या स्टेशनावर येतील, असा अंदाज होता. लोक मोटारीत बसले ते थेट मुक्कामापर्यंत बसले.

तोडलेल्या मार्गांपैकी एक विशेष मोठा होता. एडिंबरोहून हॉविकमार्गे कार्लाइलला जाणारा हा अठ्ठ्याण्णव मैलांचा मार्ग. सर वॉल्टर स्कॉट यांच्या कादंबऱ्यांवरून त्याला वेव्हर्ली हे नाव पडलेले. हॉविकपर्यंत तो 1849 मध्ये आला, आणि 1862 मध्ये डोंगर ओलांडून कार्लाइलला पोहोचला. वाटेवर गॅलाशील्स, मेलरोज, हॉविक ही लोकरीच्या गिरण्यांची व मेंढवाड्यांची गावे. रिकार्टन जंक्शन या नावाची तर वस्तीच रेल्वेने वसविलेली. तेथे शाळा होती, दुकान होते, परंतु दीर्घकाळ गाडीरस्ताच नव्हता. डॉक्टर यायचा तरी आगगाडीने.

1964 मध्ये मजूर पक्ष अधिकारावर आला. निवडणुकीत त्याने मोठ्या प्रमाणावर मार्ग बंद करणे थांबविण्याचे आश्वासन दिले होते. पण बंद करण्याचे काम चालूच राहिले. वेव्हर्ली मार्गाची आज्ञा 1968 च्या जुलैत निघाली. त्याच वर्षी, नफा नसला तरी समाजाला आवश्यक असणाऱ्या मार्गांना अनुदान देण्याचा कायदा पार्लमेंटने मंजूर केला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. हॉविकच्या एका गृहिणीने साडेअकरा हजारांवर सह्या गोळा केल्या आणि डिसेंबरात लंडनला नेऊन पंतप्रधानांच्या दारी दिल्या. उपयोग झाला नाही.

5 जानेवारी 1969 च्या रात्री एडिंबरोहून शेवटची गाडी निघाली. हॉविकला लोकांनी तिच्यात एक शवपेटी चढविली. तिच्यावर वाहतूकमंत्र्यांचा पत्ता होता. पुढे न्यूकॅसलटन या खेड्यात गावकऱ्यांनी रुळांवरचे फाटक लावून कुलूप घातले आणि स्वतः रुळांवर उभे राहिले. पोलीस आले. गावच्या धर्मोपदेशकालाच त्यांनी पकडून नेले. योगायोगाने त्या भागाचे पार्लमेंटातील तरुण प्रतिनिधी डेव्हिड स्टील त्याच गाडीत होते. त्यांनी खाली उतरून दोन्ही बाजूंची समजूत घातली: धर्मोपदेशकाला सोडले तर लोक बाजूला होतील. तसे झाले, आणि बऱ्याच उशिराने गाडी कार्लाइलकडे गेली.

कार्लाइलच्या दक्षिणेस सेटलपर्यंत जाणारा बहात्तर मैलांचा दुसरा मार्ग मात्र वाचला. चोवीस कमानींचा रिबलहेडचा पूल याच मार्गावर. 1980 नंतर तो बंद करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा बावीस हजारांवर हरकती आल्या. त्यांत एक कुत्र्याच्या पंजाचा ठसा होता. कुत्राही भाडे भरून प्रवास करणारा उतारू, म्हणून ती हरकत ग्राह्य धरण्यात आली! 1989 च्या एप्रिलमध्ये सरकारने माघार घेतली.

वेव्हर्लीचे रूळ तोवर कधीच उखडले गेले होते. भरावावर कोठे घरे उठली, कोठे हमरस्ते गेले. तरी सीमेवरच्या त्या मुलखाने मागणी सोडली नाही. 2006 मध्ये स्कॉटलंडच्या पार्लमेंटने कायदा केला, आणि 6 सप्टेंबर 2015 रोजी एडिंबरोहून गॅलाशील्समार्गे ट्वीडबँकपर्यंत गाडी पुन्हा धावली. तीन दिवसांनी राणी एलिझाबेथ यांनी तिचे रीतसर उद्घाटन केले. पहिल्या वर्षातच बारा लाखांहून अधिक प्रवास झाले.

जुन्या मार्गाचा हा उत्तरेकडील जवळजवळ तिसरा हिस्सा. ट्वीडबँकला रेघ संपते. तेथून स्कॉट यांचा वाडा पायी जाण्याच्या अंतरावर आहे. त्याच्या खाली कार्लाइलपर्यंत नकाशा कोरा. हॉविकच्या माणसाला एडिंबरोची गाडी धरावयाची तर प्रथम बसने गॅलाशील्सला यावे लागते, आणि ज्या न्यूकॅसलटनने फाटक लावून शेवटची गाडी अडविली, त्या गावाचे नाव अद्याप रेल्वेच्या नकाशावर आलेले नाही.