सीईटीचे पर्सेंटाइल म्हणजे नेमके काय?

एमएचटी-सीईटीचा निकाल लागला की पालकांचे फोन सुरू होतात. "सर, मुलीला ८५ मिळाले, म्हणजे फर्स्ट क्लासच ना?" आम्हाला दरवर्षी हेच समजावून सांगावे लागते: ते ८५ गुण नाहीत, टक्केही नाहीत.

इंजिनिअरिंगसाठीचा पीसीएम ग्रुपचा पेपर २०० गुणांचा. फिजिक्स ५०, केमिस्ट्री ५०, मॅथ्स १००. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. परीक्षा संगणकावर, अनेक शिफ्टमध्ये होते. एखाद्या शिफ्टचा पेपर सोपा, एखाद्याचा अवघड. म्हणून नुसते गुण न पाहता आपल्याच शिफ्टमधल्या मुलांशी तुलना होते.

समजा शिफ्टमध्ये २०,००० मुले बसली आणि त्यांतल्या १७,००० जणांना (आपली मुलगी धरून) तिच्याएवढे किंवा कमी गुण पडले. १७,००० भागिले २०,०००, गुणिले १००. झाले ८५ पर्सेंटाइल. त्यामुळे दोन शिफ्टमध्ये सारखेच गुण असूनही पर्सेंटाइल वेगळे येऊ शकते. त्यात अन्याय नाही.

एकूण पर्सेंटाइल हे तिन्ही विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी नसते. ते एकूण गुणांवरून स्वतंत्र काढतात. घरी बेरीज करून "निकाल चुकला" म्हणत बसू नका.

पर्सेंटाइल म्हणजे रँकही नव्हे. सर्व शिफ्ट मिळून तीन लाख मुले धरली, तर ८५ पर्सेंटाइलच्या पुढे अंदाजे ४५,००० मुले असतात. मात्र त्या सगळ्यांना एकच कॉलेज, एकच ब्रांच नको असते. म्हणून मागच्या वर्षीचे कॅप राउंडचे कटऑफ पाहा, शेजाऱ्याच्या मुलाचा आकडा नको.

सर्वांत महत्त्वाचे: सीईटी दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असे नाही. कॅपची नोंदणी वेगळी करावी लागते. बारावीला पीसीएममध्ये किमान ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४०. आपल्या अनेक बिरादऱ्या ओबीसीत आहेत. जातीचा दाखला, व्हॅलिडिटी आणि नॉन-क्रीमीलेअर आधीच काढून ठेवा. मुस्लिम अल्पसंख्याक कॉलेजातल्या राखीव जागांसाठी अर्जात अल्पसंख्याक असल्याची नोंद करायला विसरू नका.

आकडा कमी आला म्हणून मुलीचे शिक्षण थांबवू नका. चांगले पर्सेंटाइल असूनही केवळ एका दाखल्यापायी जागा गेलेली मुले आम्ही पाहिली आहेत.