खेळ लिनक्सवर उशिरा का आले

तळवड्याच्या आयटी पार्कात दिवसभर लिनक्सच्या सर्व्हरवर काम करायचे आणि घरी गेमपुरते विंडोज ठेवायचे, ही रीत जुनी आहे. त्यावरून लिनक्सच खेळांना कमी पडते असा समज रुजला, तो चुकीचा आहे. १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने डायरेक्टएक्स आणले, गेम बनवणाऱ्यांनी त्याचीच कास धरली आणि खेळ विंडोजला जखडले गेले. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारा वाईन प्रकल्प १९९३ पासून ही गाठ सोडवत होता. वाल्व कंपनीने २०१३ मध्ये आपले गेमचे ऑनलाइन दुकान स्टीम लिनक्सवर आणले, २०१५ मध्ये भागीदार कंपन्यांकरवी लिनक्सवर चालणारी स्टीम मशीन बाजारात आणली. पण त्यांची मदार लिनक्ससाठी वेगळ्या बनवलेल्या खेळांवर होती आणि ते मोजकेच होते. वाईनवरच बेतलेल्या वाल्वच्या २०१८ च्या प्रोटॉनने वाट बदलली. विंडोजच्या खेळाने डायरेक्टएक्सच्या डायरेक्टथ्रीडी या ग्राफिक्स भागाला दिलेली आज्ञा प्रोटॉनमधला डीएक्सव्हीके लिनक्सवरही चालणाऱ्या वल्कनच्या भाषेत बदलतो आणि ग्राफिक्स कार्ड ती निमूट पाळते. वाल्वचे २०२२ चे हातात धरून खेळायचे यंत्र, स्टीम डेक, यावरच उभे आहे.

या भाषांतराने वेग मंदावतो, हा आक्षेप काही खेळांपुरता खरा आहे. बहुतेकांत फरक जाणवत नाही. व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट हे खेळ त्यांच्या फसवणूक रोखणाऱ्या (अँटी-चीट) यंत्रणेमुळे लिनक्सवर चालत नाहीत, हा आक्षेप अधिक वजनदार. मात्र ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या अशाच यंत्रणांनी २०२१ मध्येच प्रोटॉनला दार उघडले. ते वापरायचे की नाही, हे गेमची कंपनी ठरवते. म्हणजे उरलेला अडसर मुख्यतः धोरणाचा आहे. विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला; जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी आपले खेळ लिनक्सवर चालतात का, हे प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर जरूर तपासा.