तेलपेटी आणि कामगार

रायपूर बंगाल-नागपूर रेल्वेच्या मुख्य मार्गावर आले. 1959 साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली आणि मालडब्यांची वर्दळ फार वाढली. हे डबे चालते ठेवणाऱ्यांची विद्या पुस्तकात नव्हती. आसाचे टोक तेव्हा पांढऱ्या धातूच्या अस्तरावर फिरे. खालच्या पेटीत तेलाने भिजलेला सुती धाग्यांचा बोळा असे. तेल आटले की आस तापे, प्रसंगी मोडे, आणि गाडी घसरे. गाडी यार्डात थांबताच जाणता कारागीर पेटीला हात लावून, वास घेऊन दोष ओळखी.

या जाणतेपणाची किंमत कोणी ठरवावयाची? पगाराची श्रेणी पदनामावरून ठरे, हाताच्या गुणावरून नव्हे. 8 मे 1974 रोजी देशभर रेल्वे संप सुरू झाला. बोनस आणि आठ तासांचा दिवस या मागण्या सर्वांच्या स्मरणात आहेत. परंतु प्रत्येक कामाचे शास्त्रीय मूल्यमापन करून श्रेणी नव्याने लावाव्यात, हीही एक मागणी होती. वस्तुतः मर्माची तीच. वीस दिवसांत संप मोडला.

पुढे 1980 नंतरच्या दशकात बॉक्सएन डबे आले. त्यांची रोलर बेअरिंगे बंदिस्त. यार्डात तेल घालण्याचे कारणच उरले नाही. संघटना पदे राखण्यासाठी भांडू शकत होती; निरुपयोगी झालेला हुन्नर ती कोणत्या कलमाखाली मागणार? तापलेला आस हेरण्याचे काम आता काही ठिकाणी रुळांलगतची यंत्रे करतात.