डोंगरी सिंहाची मोजदाद

सिंह म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आयाळ येते, गर्जना येते आणि गीरचे जंगल येते. अमेरिकेतल्या डोंगरी सिंहाजवळ यांपैकी काहीच नाही. त्याला आयाळ नाही; गर्जना त्याच्या कंठात नाही, तो मांजरासारखा घुरघुरतो; आणि कुळगोत पाहू गेल्यास तो वनराजापेक्षा चित्त्याला व आपल्या घरच्या मांजराला अधिक जवळचा आहे. उत्तरेस कॅनडापासून दक्षिणेस चिलीच्या टोकापर्यंत तो पसरलेला. केचुआ भाषेने त्याला प्यूमा म्हटले, कोणी कूगर म्हटले, कोणी पँथर. कॅलिफोर्नियात तो डोंगरी सिंह झाला. पण त्याची खरी कथा या नावांत नाही. ती माणसांनी त्याच्या नावाने मांडलेल्या हिशेबात आहे.

युरोपातून आलेले वसाहतवाले अटलांटिकच्या काठावरून आत सरकू लागले तेव्हा त्यांच्याबरोबर गाई होत्या, मेंढ्या होत्या आणि कुऱ्हाडी होत्या. रान तुटले, हरणे मारली गेली, आणि भक्ष्य नाहीसे झालेला सिंह गोठ्याकडे वळला की बंदुकीपुढे आला. विसावे शतक उजाडेपर्यंत पूर्वेकडच्या जवळजवळ सगळ्या संस्थानांतून तो संपला होता. फ्लोरिडाच्या दलदलीत तेवढे थोडे तग धरून राहिले. पूर्वेचा सिंह नष्ट झाला, असे सरकारने रीतसर जाहीर केले ते २०११ साली. म्हणजे मरण झाल्यावर कित्येक दशकांनी त्याची नोंद झाली.

पश्चिमेचे डोंगर दुर्गम, म्हणून तेथला सिंह वाचला. परंतु त्यालाही सुखाने राहू देण्याची कोणाची इच्छा नव्हती. कॅलिफोर्निया सरकारने १९०७ साली प्रत्येक मेलेल्या सिंहामागे बक्षीस लावले. आपल्याकडे इंग्रजी अमदानीत वाघ-बिबळ्यांवर इनामे होती, तसलाच हा प्रकार. पुढे मादीला नरापेक्षा जास्त मोल मिळू लागले, कारण मादी मारली की पुढची पिढीही मेली. एवढ्यानेही भागेना म्हणून सरकारने पगारी शिकारी नेमले. त्यांतला जे ब्रूस नावाचा गृहस्थ कुत्र्यांची टोळी घेऊन वर्षानुवर्षे डोंगर तुडवीत असे. त्याच्या नावावर सहाशेहून अधिक सिंह जमा आहेत. हा मनुष्य क्रूर होता असे समजण्याचे कारण नाही. लोकांच्या दृष्टीने तो सार्वजनिक आरोग्य खात्यातल्या उंदीर मारणाऱ्यासारखाच एक उपयुक्त नोकर होता.

ही बक्षिसे १९६३ साली बंद झाली. तोवर १२,४६१ सिंहांचे पैसे चुकते झाले होते. आकडा पाहा, किती चोख आहे! एक कमी नाही, एक अधिक नाही. पण त्याच काळात डोंगरात जिवंत सिंह किती होते असे कोणी विचारले असते, तर सरकारपाशी उत्तर नव्हते. मेलेल्यांची मोजदाद होती, जिवंतांची नव्हती. कारण पैसे मेलेल्यांचे द्यायचे होते. कोणत्याही समाजाची वही उघडावी आणि तो काय मोजतो ते पाहावे. त्याला कशाची किंमत वाटते ते लगेच कळते.

त्यानंतरचे वळण मोठे विलक्षण आहे. १९६९ साली सिंहाची गणना शिकारीच्या प्राण्यांत झाली, म्हणजे त्याला मारायला परवाना लागू लागला. दोनच वर्षांनी शिकारीला स्थगिती देणारा कायदा झाला. त्यावर सही करणारा राज्यपाल होता रोनाल्ड रेगन. आणि १९९० च्या जूनमध्ये खुद्द मतदारांनी कौल देऊन सिंहाची हौशी शिकार कायमची बंद केली, शिवाय जंगली जनावरांच्या मुलुखासाठी दरसाल तीन कोटी डॉलर वेगळे काढण्याचे ठरवले. ज्याच्या मरणासाठी तिजोरी उघडत होती, त्याच्याच जगण्यासाठी ती उघडू लागली. हे सारे एका माणसाच्या आयुष्यात घडले.

परंतु प्रेम करणे सोपे, शेजार करणे अवघड. १९९४ च्या एप्रिलमध्ये डोंगरातल्या पायवाटेवर धावायला गेलेल्या एका स्त्रीला सिंहिणीने ठार केले. १९०९ नंतर कॅलिफोर्नियात सिंहाने माणूस मारल्याची ही पहिलीच घटना. सिंहिणीला शोधून मारण्यात आले. तिचे पिलू मागे राहिले. त्या स्त्रीचीही दोन मुले मागे राहिली होती. दोन निधी उभे राहिले, आणि आरंभी पिलाचा निधी मुलांच्या निधीहून मोठा भरला! ही गोष्ट बाहेर फुटताच लोक खजील झाले आणि मुलांसाठी मदतीचा ओघ सुरू झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस आणखी एक स्त्री बळी गेली. कायदा उलटवण्यासाठी १९९६ साली पुन्हा मतदान झाले. मतदारांनी नकार दिला. सिंहाचे संरक्षण टिकले. पण त्या पिलाच्या निधीची गोष्ट विसरता येत नाही. शहरात बसून सिंहावर माया करणाऱ्याला त्या मायेची किंमत सहसा द्यावी लागत नाही. ती देतो मेंढपाळ, ती देते पायवाटेवर एकटी धावणारी बाई. हे ज्या मायेला दिसत नाही ती माया आंधळी समजावी.

पुढच्या काळात बंदुकीची जागा रस्त्याने घेतली. लॉस एंजेलिसच्या कडेच्या सांता मोनिका डोंगरांत २००२ पासून अभ्यासक सिंहांच्या गळ्यात पट्टे बांधून त्यांचा माग ठेवू लागले. त्यांतला बाविसावा सिंह म्हणजे पी-२२. तरुण नराला आपला मुलूख शोधायला बाहेर पडावे लागते. हा पठ्ठ्या रात्रंदिवस मोटारी धावणारे दोन महामार्ग ओलांडून शहराच्या पोटातल्या ग्रिफिथ उद्यानात पोहोचला आणि २०१२ साली छायाचित्रात सापडला. एरवी नराला दीडशे चौरस मैलांचा मुलूख लागतो; याने आठ-नऊ मैलांत दहा वर्षे काढली. हॉलिवूडच्या पाटीखालून चालतानाचे त्याचे चित्र जगभर गाजले. पण त्याला जोडीदारीण कधी मिळाली नाही. उंदरांसाठी ठेवलेले विष भक्ष्यातून त्याच्या पोटात गेले, खरूज झाली. शेवटी म्हातारपणी मोटारीची धडक बसली, आणि १७ डिसेंबर २०२२ रोजी त्याला दयामरण देण्यात आले.

डोंगरात राहिलेल्यांचे दुखणे निराळे होते. महामार्गांनी कोंडलेले हे मूठभर सिंह आपसांतच वीण करू लागले. २०२० साली शेपटीला बाक आलेले सिंह आढळले. रक्त नासत चालल्याची ती खूण. फ्लोरिडातही हेच झाले होते. तेथे वीस-तीस सिंह उरले असताना १९९५ साली टेक्ससहून आठ माद्या आणून सोडल्या, तेव्हा कोठे वंश सावरला. कॅलिफोर्नियाने दुसरा मार्ग धरला. दहा पदरी महामार्गावरून जनावरांसाठी माती आणि झाडे घातलेला पूल बांधायचा. २०२२ च्या एप्रिलमध्ये त्याचे काम सुरू झाले. याच सुमारास जिवंत सिंहांची मोजदादही नेटाने झाली. पूर्वी अंदाजाने सहा हजार म्हणत. २०२४ साली प्रसिद्ध झालेला आकडा सव्वातीन ते साडेचार हजारांच्या आसपास निघाला. १२,४६१ सारखा तो चोख नाही. जिवंतांचा आकडा कधी चोख नसतोच.

मुंबईकराला हे वाचताना बोरिवलीची आठवण होणारच. तेथल्या उद्यानातले बिबळे आणि त्याच्या भोवतीची गच्च वस्ती यांचा शेजार असाच अवघड आहे. २००४ च्या जूनमध्ये बिबळ्यांनी तेथे अनेक माणसे मारली, ही जखम विसरण्यासारखी नाही. तरीही त्याच परिसरातले वारली वाघदेवाला पूजतात. आश्विन वद्य द्वादशीला आपण गाय-वासराची वसुबारस करतो. अकोल्याच्या डोंगरात त्याच दिवशी वाघबारस असते. गाय आणि गाईला खाणारा, दोघांचा एकच दिवस! वाघापासून गुरे गमावणाऱ्यांनीच हा सण पाळला आहे, म्हणून त्याला वजन आहे. वाघ आपला मित्र आहे असे ते म्हणत नाहीत. तो येथे आहे, त्याची भीती आहे, आणि डोंगर त्याचाही आहे, एवढेच ते मान्य करतात. कॅलिफोर्नियाला एवढे मान्य करायला शंभर वर्षे आणि १२,४६१ सिंह लागले.