शाळेच्या आवारातील हरितगृह

हरितगृह म्हटले की मावळातील गुलाब आणि जरबेराची पॉलीहाऊसेस डोळ्यांसमोर येतात. निर्यातक्षम फुलांसाठी ओळखले जाणारे हे तंत्र शाळेच्या आवारातही रुजू शकते. तेथे मात्र उत्पन्नापेक्षा शिक्षण महत्त्वाचे. भूमिती, उष्णता, वनस्पतिशास्त्र आणि हिशेब हे चारही विषय एकाच छताखाली प्रत्यक्ष हाताळता येतात.

हाताने काम करीत शिकण्याची ही परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रमाची स्थापना केली. तेथे आकाराला आलेला 'आयबीटी' अभ्यासक्रम पुढे अनेक माध्यमिक शाळांमध्ये पोहोचला. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य अशी त्याची विभागणी आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही सहावी ते आठवीच्या टप्प्यात दहा दिवसांच्या दप्तरविरहित काळाची शिफारस केली आहे.

ऊब कशामुळे?

काचेतून प्रकाश आत येतो, पण उष्णतेचे किरण बाहेर पडू शकत नाहीत, असे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०९ मध्ये ते तपासून पाहिले. एका पेटीला काचेचे आणि दुसऱ्या पेटीला अवरक्त किरण आरपार जाऊ देणाऱ्या सैंधवाचे झाकण लावले असता दोन्ही पेट्यांच्या तापमानात फारसा फरक आढळला नाही. तापलेली हवा वर निघून जाऊ न देणे, हेच उबेचे मुख्य कारण ठरले. साधे पॉलिथिन बरेचसे अवरक्त किरण जाऊ देते, तरीही पॉलीहाऊस तापते, ते यामुळेच. थर्मामीटर लावून, बाजूचे पडदे उघडून व मिटून विद्यार्थ्यांना हे स्वतः पडताळता येते.

सांगाड्याचे गणित

चार मीटर रुंद आणि सहा मीटर लांब अर्धगोलाकार बोगदा शाळेला पुरेसा होतो. त्रिज्या दोन मीटर असल्याने एका कमानीला ६.२८ मीटर पाइप लागतो; जमिनीत गाडायची लांबी वेगळी. दीड मीटर अंतराने कमानी उभारायच्या तर चार नव्हे, पाच लागतात. हा हिशेब चुकण्याची शक्यता अधिक. छताचे आच्छादन ३७.७ चौरस मीटर आणि दोन्ही टोके मिळून १२.६ चौरस मीटर, म्हणजे एकूण सुमारे ५० चौरस मीटर कापड लागते. कडा चरात दाबण्यासाठी त्याहून थोडे अधिक घ्यावे. बोगद्याची लांबी दक्षिणोत्तर ठेवावी, इमारतीची सावली टाळावी आणि भोवती पाण्याचा निचरा होईल असा चर खणावा.

पॉलिथिन की शेडनेट?

लडाखमध्ये हिवाळ्यात तापमान शून्याच्या बरेच खाली जाते. तेथे ऊब कोंडणे ही गरज असते. फे येथील 'सेकमोल' या संस्थेत हिवाळ्यात इमारतींच्या दक्षिण बाजूला पॉलिथिन लावून हरितगृह तयार केले जाते. त्याची ऊब खोल्यांनाही मिळते. महाराष्ट्रात प्रश्न नेमका उलटा आहे. बंद पॉलीहाऊसमध्ये दुपारी रोपे होरपळतात आणि मुलांनाही तेथे थांबवत नाही. त्यामुळे पन्नास टक्के सावली देणारी शेडनेट हा बहुतेक शाळांसाठी योग्य पर्याय ठरतो. पॉलिथिनच हवे असेल, तर ते अतिनील किरणांना टिकणारे, २०० मायक्रॉनचे घ्यावे आणि बाजूंना कीटकरोधक जाळी लावून हवा खेळती ठेवावी.

पिकांची निवडही विचारपूर्वक करावी. मेथी, पालक, कोथिंबीर महिना-दीड महिन्यात हाती येतात. काकडीचे साधे वाण मात्र जाळीआड फुलते आणि फळाविना राहते, कारण मधमाशी आत येत नाही. परागीभवनाचा याहून बोलका धडा क्वचितच मिळेल. मुलांचा वावर असल्याने रासायनिक कीटकनाशके टाळलेलीच बरी.

सुटीचा प्रश्न

शाळेतील हरितगृह बंद पडते ते बहुधा तंत्राअभावी नव्हे, तर मे महिन्यात पाणी घालायला कोणी नसल्याने. एकदा वाफे वाळले की जूनमध्ये उत्साहही वाळलेला असतो. यावर उपाय वेळापत्रकात आहे. लागवड जूनमध्ये सुरू करावी आणि शेवटचे पीक मार्चअखेर काढावे. नंतर माती भिजवून तिच्यावर पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट अंथरावे. चार ते सहा आठवड्यांच्या उन्हाने मातीतील बरेचसे रोगजंतू व तणांचे बी नष्ट होते. वळवाच्या वादळाआधी छताचे आच्छादन उतरवून ठेवल्यास ते फाटण्याचा धोका टळतो.

आच्छादन काही वर्षांनी बदलावेच लागते. त्यासाठी भाजीविक्रीतून थोडी रक्कम बाजूला काढण्याची सवय पहिल्या वर्षापासून लावायला हवी. उभारणीला देणगीदार मिळतो. देखभालीची जबाबदारी शाळेलाच उचलावी लागते.