झाकायचं काय?

व्हिडिओ गेम्सच्या इतिहासात २० जुलै २००५ ही तारीख मोठी मजेशीर आहे. त्या दिवशी अमेरिकेत एक गेम अचानक एका वर्षाने मोठा झाला!

गेमचं नाव 'ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास'. ऑक्टोबर २००४ मध्ये तो प्लेस्टेशन २ वर आला, तेव्हा पाकिटावर '१७ वर्षांवरील' असा शिक्का होता. यात तुम्ही रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही गोळी घालू शकता, गाडीखाली चिरडू शकता, पोलिसांना मारू शकता. सतरा वर्षांच्या पोराला हे सगळं चालणार होतं. मग २० जुलैला असं काय झालं, की शिक्का बदलून 'फक्त प्रौढांसाठी', म्हणजे अठरा वर्षांवरील, करावा लागला?

झालं असं, की नायकाची मैत्रीण त्याला कॉफी प्यायला घरात बोलावते आणि पुढे जे होतं ते खेळणाऱ्याला घराबाहेरूनच ऐकू येतं, अशी मूळ गेममध्ये सोय होती. आतला प्रसंग कंपनीने आधी तयार केला होता, पण गेम बाजारात आणताना तो कुलूपबंद करून ठेवला. एका डच हौशी माणसाने जून २००५ मध्ये ते कुलूप काढलं. 'हॉट कॉफी' या नावाने तो प्रकार जगभर गाजला. कंपनी आधी म्हणाली, हा हॅकर मंडळींचा उद्योग आहे. पण तो प्रसंग डिस्कवरच आहे हे लवकरच उघड झालं. चित्रण अगदी ओबडधोबड, नायकाच्या अंगावर तर पूर्ण कपडे. आणि दोघंही आपखुशीने एकत्र आलेली.

पण गदारोळ असा झाला की विचारू नका. वॉलमार्ट, टार्गेट, बेस्ट बाय या दुकानांनी गेम फळीवरून काढला. तेव्हा सिनेटर असलेल्या हिलरी क्लिंटन यांनी सरकारी चौकशीची मागणी केली. ऑस्ट्रेलियाने तर प्रमाणपत्रच रद्द केलं, कारण तिथे तेव्हा गेम्ससाठी प्रौढांचा वर्गच नव्हता (तो आला २०१३ मध्ये). ग्राहकांच्या वतीने खटले भरले गेले. एक खटला ८५ वर्षांच्या एका आजीबाईंचा होता. त्यांनी हा गेम आपल्या १४ वर्षांच्या नातवाला घेऊन दिला होता. म्हणजे पाकिटावरचा '१७'सुद्धा कुणी वाचला नव्हता!

या खटल्यांत तडजोड झाली आणि गिऱ्हाइकांनी भरपाई मागावी असं ठरलं. गेमच्या लाखो प्रती खपल्या होत्या. २००८ पर्यंत भरपाई मागायला पुढे आले किती? २,६७६.

आता जपानकडे वळू. तिथे दंड संहितेचं १७५ वं कलम अश्लीलतेबद्दल आहे, थेट १९०७ सालचं. त्याचा व्यवहारातला अर्थ असा लावला गेला, की गुप्तांगं दिसता कामा नयेत. त्यावर चौकोनी ठिपक्यांचा पडदा टाकला की काम भागलं. या सवलतीत प्रौढांसाठीच्या गेम्सचा एक मोठा धंदा उभा राहिला. त्यात हळुवार प्रेमकथाही होत्या आणि भलतंसलतंही होतं. १९८६ मध्ये '१७७' नावाचा एक गेम आला. १७७ हा जपानच्या कायद्यातल्या बलात्काराच्या कलमाचा क्रमांक, आणि गेमचा विषयही तोच. त्यावर थेट संसदेत प्रश्न विचारला गेला. पुढे १९९१ मध्ये क्योतोत एका शाळकरी मुलाने दुकानातून असाच एक प्रौढांचा गेम चोरला. त्यातून प्रकरण वाढत जाऊन कंपनीच्या प्रमुखाला १७५ व्या कलमाखाली अटक झाली. १९९२ मध्ये या व्यावसायिकांनी स्वतःच एक नियमन संस्था काढली. वयाचे शिक्के आले, ठिपके आणखी काटेकोर झाले.

ठिपके काटेकोर झाले, पण गोष्ट तीच राहिली. २००६ मध्ये योकोहामाच्या एका कंपनीने 'रेपले' हा गेम काढला. नावावरूनच विषय कळतो, अधिक सांगत नाही. ठिपके जागच्या जागी होते, त्यामुळे जपानमध्ये तीन वर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही. २००९ मध्ये तो ब्रिटनमध्ये अ‍ॅमेझॉनवर दिसला आणि तिकडे खळबळ उडाली. अ‍ॅमेझॉनने तो काढला, स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या 'इक्वॅलिटी नाऊ'ने मोहीम उघडली. मग त्या वर्षीच्या जूनमध्ये जपानी संस्थेने अशा विषयाच्या गेम्सवर बंदी घातली.

युरोपात आणखी तिसरीच तऱ्हा. 'फॅरनहाइट' हा २००५ सालचा फ्रेंच गेम युरोपात त्यातल्या प्रणयदृश्यांसकट विकला गेला. अमेरिकेत तोच गेम नाव बदलून, ती दृश्यं कापून गेला. उलट जर्मनीला चिंता हिंसेची. १९९८ सालच्या 'हाफ-लाइफ'मधले सैनिक जर्मन आवृत्तीत यंत्रमानव झाले, कारण यंत्राला मारलं तर रक्त सांडत नाही. आणि सिंगापूरने २००७ मध्ये 'मास इफेक्ट'वर काही काळ बंदी घातली, ती एक मानवी स्त्री आणि एक परग्रहावरची स्त्री यांच्या जवळिकीच्या दृश्यावरून!

अशी यादी वाचली की आपण सहज म्हणतो, देश तसा वेश. मला मात्र यात वेगळेपणापेक्षा सारखेपणा जास्त दिसतो. अमेरिकेने दोन राजीखुशीच्या माणसांचा प्रसंग खुनापेक्षा भयंकर ठरवला. जपानने बलात्काराचा खेळ ठिपक्यांच्या आड चालवून घेतला. दोघांनीही काय दिसतंय एवढंच पाहिलं. तिथे एक माणूस दुसऱ्या माणसाशी कसं वागतोय, हा प्रश्न नियमात कुठे बसतच नव्हता.

हा प्रश्न कुणाला सुचलाच नव्हता असं मात्र नाही. १९८२ मध्ये अमेरिकेत अटारीच्या यंत्रावर 'कस्टर्स रिव्हेंज' नावाचा गेम आला होता. त्यात खांबाला बांधलेल्या एका आदिवासी स्त्रीवर अत्याचार करणं हाच 'खेळ' होता. चित्रं म्हणाल तर मोजून चार रंगीत चौकोन. तरी न्यूयॉर्कमध्ये स्त्री संघटना आणि मूळ अमेरिकन जमातींचे लोक एकत्र येऊन रस्त्यावर उतरले. बांधलेल्या स्त्रीवरचा अत्याचार ही करमणूक कशी होऊ शकते, हे त्यांचं म्हणणं होतं. तेवीस वर्षांनी कॉफीचं प्रकरण आलं, तेव्हा त्याच देशात हा प्रश्न कुणाला आठवला नाही.

कायदासुद्धा इथवर पोचतो, फक्त फार सावकाश. जपानचं ते १७७ वं कलम २०२३ मध्ये बदललं. आता त्यात गुन्ह्याचं नावच 'असंमतीने केलेला संभोग' असं आहे. बळजबरी किती झाली यापेक्षा संमती होती का, याला महत्त्व आलं. त्या बदनाम गेमनंतर सदतीस वर्षांनी!

बाजार मात्र अजून सरसकट चादर टाकण्यातच धन्यता मानतो. २०२५ मध्ये स्त्रीवरील अत्याचार रंगवणाऱ्या एका गेमवरून ऑस्ट्रेलियातल्या एका संघटनेने मोहीम चालवली. तक्रार रास्त होती. पण पैशांचे व्यवहार सांभाळणाऱ्या कंपन्यांचा दबाव आला, आणि 'इच डॉट आयओ' या संकेतस्थळाने जुलैमध्ये प्रौढ विषयांचे हजारो गेम्स एका झटक्यात शोधयादीतून काढून टाकले. अत्याचाराचे कुठले आणि साध्या प्रेमाचे कुठले, हे निवडायला वेळ कुणाला होता?

आपल्याकडे दुकानांतून गेम्सची पाकिटं येऊ लागली, ती बहुतेक अमेरिकेचा नाही तर युरोपचा शिक्का घेऊनच. म्हणजे परक्या समाजाच्या धास्त्या आपण आयत्या उचलल्या. ज्यांच्या घरात मुलं तासन् तास खेळतात, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे : तो आकडा जरूर वाचा, आजीबाईंसारखं करू नका. पण आकडा वाचून झाला की मुलाच्या शेजारी जरा वेळ बसा आणि त्याला विचारा, "यातल्या त्या दुसऱ्या माणसाला हे चालणार आहे का रे?" बंदूक असो की बिछाना, प्रश्न तोच आहे. आणि हा प्रश्न विचारायची सवय लागलेलं मूल पुढे शिक्का नसलेल्या जगातही नीट वागेल, असं मला वाटतं.

बघा, पटतंय का.