फाल्गुनातली झळ आणि जैसलमेरची खडीन

थरच्या वाळवंटाचा इतिहास लिहिताना दुष्काळ आणि मे-जूनमधील लू, म्हणजे भाजून काढणारा कोरडा वारा, यांची दखल जितक्या विस्ताराने घेतली जाते तितकी माघ-फाल्गुनात अवेळी वाढणाऱ्या उष्म्याची घेतली जात नाही. लू कितीही प्रखर असली तरी ती सुटते तेव्हा शेते मोकळी झालेली असतात. फेब्रुवारीतील झळ मात्र गव्हाच्या ओंबीत दाणा भरत असतानाच येते. जैसलमेरच्या परिसरात ज्यांनी शतकानुशतके हिवाळी पीक घेतले, त्यांचे वर्ष बऱ्याचदा याच काही आठवड्यांत ठरत असे, आणि त्यांच्या शेतीची मांडणी या धोक्याचा विचार केल्याखेरीज पुरती उलगडत नाही.

या शेतीचा आधार म्हणजे खडीन. जैसलमेरला वर्षाकाठी 200 मिलिमीटरहूनही कमी पाऊस पडतो, तोही मोजक्या दिवसांत आणि बेभरवशाचा. तेवढ्या पावसावर गहू येणे शक्य नसते; म्हणून खडकाळ, मुरमाड माळावरून वाहून येणारे पाणी उताराच्या पायथ्याशी मातीचा लांब बांध घालून अडवायचे आणि ते आपल्याच जागी जमिनीत मुरू द्यायचे, ही युक्ती योजली गेली. अशा बांधामागच्या शेताला खडीन म्हणतात. एका खडिनीच्या वाट्याला तिच्या क्षेत्राच्या दहा-पंधरा पट माळ लागतो, म्हणजे मोठ्या उजाड पृष्ठभागावरचा पाऊस लहानशा शेताच्या नावे जमा होतो. जास्तीचे पाणी सांडव्यावरून, ज्याला राजस्थानात नेष्टा म्हणतात, पुढे जाते आणि बऱ्याच ठिकाणी खालच्या बाजूला खणलेल्या विहिरींना या मुरलेल्या पाण्यामुळे गोडेपणा येतो. पाण्याबरोबर आलेला बारीक गाळ दरवर्षी थराथराने साचत राहिल्याने भोवतालच्या रेताड जमिनीपेक्षा खडिनीची माती चिकण आणि ओल धरून ठेवणारी बनते. कार्तिकाच्या सुमारास पाणी ओसरते, मऊ गाळ उघडा पडतो, त्यावर वाफसा आला की गहू किंवा हरभरा पेरला जातो आणि पुढे कापणीपर्यंत त्या पिकाला बहुधा एकदाही पाणी दिले जात नाही.

खडिनीचे सारे बळ आणि सारी नाजूकता या शेवटच्या गोष्टीत आहे. विहिरीवरचा बागाईतदार उन्हाची तीव्रता वाढली तर एक पाळी जादा देऊ शकतो; खडीनवाल्याजवळ मात्र भाद्रपदापर्यंत मुरले तेवढेच पाणी असते आणि ते घरच्या कणगीतल्या धान्यासारखे पुरवून वापरावे लागते. थंडी नेमाने पडली तर ओल हळूहळू खर्च होते, आणि मावठ, म्हणजे मराठी शेतकऱ्याच्या ओळखीचा मावठा, झाली तर तिच्यात थोडी भरही पडते. भूमध्य समुद्राकडून पूर्वेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या प्रणालींना हवामानशास्त्रात पश्चिमी प्रक्षोभ म्हणतात; मावठ त्यांच्यामुळेच पडते. परंतु अशी प्रणाली येण्यापूर्वी तिच्या पुढच्या अंगाला दक्षिणेकडचे आणि नैर्ऋत्येकडचे उबदार वारे वाहतात, आणि ती पुरेशी सबळ नसली किंवा फार उत्तरेकडून निघून गेली तर वाळवंटाच्या वाट्याला तिचा पाऊस आणि तिच्यामागून येणारा गारवा यांपैकी काहीच येत नाही, फक्त उष्मा आणि वारा येतो. आकाश निरभ्र, हवा कोरडी, रेताड जमीन लवकर तापणारी. अशा वेळी दुपारचा पारा हिवाळा संपण्याआधीच उन्हाळ्याच्या मापाला पोचतो.

वाऱ्याची भर पडली की हानी दुप्पट होते, कारण पानांभोवतीची दमट हवा सतत हटत राहते आणि पीक जमिनीतली ओल नेहमीपेक्षा वेगाने ओढू लागते. गहू पोटरीत असेपर्यंत हा ताण काही अंशी सोसला जातो. दाणा चिकात असताना तो आला तर भरण्याचा काळच आखडतो, पीक लवकर पिवळे पडते आणि ओंबी वरून भरलेली दिसली तरी आत सुरकुतलेले, हलके दाणे निघतात. हरभऱ्याचे मूळ खोल जात असल्याने त्याला कमी पाणी पुरते, तरी फुलोऱ्यात तापमान चढले तर फुले गळतात आणि घाटे पोचट राहतात. खडीन चांगली भरली त्या वर्षी गहू आणि कमी भरली त्या वर्षी हरभरा, हा तिथला परिपाठ म्हणूनच केवळ पावसाचा हिशेब नव्हता, तर पुढे येणाऱ्या फाल्गुनासाठी किती ओल हाती राहील याचाही अंदाज त्यात होता, असे मानणे सयुक्तिक ठरते.

ही पद्धत भरभराटीला आणण्याचे श्रेय पालीवाल ब्राह्मणांना दिले जाते. मारवाडातील पाली येथून स्थलांतर करून ते जैसलमेर राज्यात आले, आणि पंधराव्या शतकापासून त्यांच्या खडिनींचा उल्लेख केला जातो. जमिनीचा मालक राजा, बांध आणि श्रम शेतकऱ्याचे, आणि राजाला पिकाचा चौथा हिस्सा, अशी ही व्यवस्था होती. ठराविक रकमेऐवजी हिस्सा घेतल्यामुळे झळ लागलेल्या वर्षी राजाचे उत्पन्नही आपोआप घटत असे, म्हणजे जोखीम दोघांत वाटली जात असे, आणि या व्यवस्थेचे हे शहाणपण आजच्या पीकविम्याच्या चर्चेतही लक्षात घेण्याजोगे आहे. कर्नल जेम्स टॉड यांच्या राजस्थानविषयक ग्रंथात पालीवालांचे वर्णन सधन व्यापारी आणि सावकार म्हणून येते. वाळवंटातील या संपत्तीच्या मुळाशी खडिनीचे धान्य होते, हे विसरता कामा नये.

ऋतू पालटण्याच्या या सीमारेषेवर राजस्थानने एक व्रतही बसवले आहे. होळीनंतर आठव्या दिवशी, उत्तरेकडच्या पौर्णिमान्त गणनेने चैत्र कृष्ण अष्टमीला आणि मराठी पंचांगाप्रमाणे फाल्गुन वद्य अष्टमीला, शीतलामातेची पूजा होते; त्या दिवशी चूल पेटत नाही आणि आदल्या दिवशी रांधलेली राबडी, बाजरीची भाकरी, दही-भात असे थंड अन्न देवीला दाखवून खाल्ले जाते. महाराष्ट्रात शीतला सप्तमी श्रावणात येते. गोवर-देवीसारखे उन्हाळ्याच्या तोंडाशी उसळणारे आजार हे राजस्थानच्या व्रतामागचे मुख्य कारण असले, तरी शिळे अन्न निर्धोकपणे खाता येण्याजोगा गारवा इथवर टिकतो, हे त्यात गृहीत धरलेले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पालीवालांनी कुलधरा आणि आसपासची गावे सोडली. लोकपरंपरा त्याचा दोष दिवाण सालिमसिंहाच्या जुलमाला देते, तर काही अभ्यासक आटत गेलेले पाणी आणि भूकंप यांकडे बोट दाखवतात. एकाच कारणावर सर्व भार टाकणे योग्य होणार नाही. गावे ओस पडली तरी बांध राहिले आणि इतर समाजांनी त्यांच्यामागे पेरणी चालू ठेवली. 1995 साली अनुपम मिश्र यांच्या ‘राजस्थान की रजत बूँदें’ या पुस्तकाने वाळवंटातील जलव्यवस्थेची ओळख देशभर करून दिल्यापासून तिच्याविषयीचे लेखन बव्हंशी पाणी अडवण्याच्या कौशल्याभोवती फिरते. ते कौशल्य थोर आहेच, परंतु भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या नोंदींनुसार 2023 चा फेब्रुवारी हा दिवसाच्या सरासरी कमाल तापमानाच्या दृष्टीने 1901 पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला, हे पाहता जुन्या खडिनी दुरुस्त करणाऱ्यांनी बांधामागे किती पाणी साठले याच्याबरोबरच फाल्गुनापर्यंत त्यातली किती ओल उरली याचेही मोजमाप ठेवले पाहिजे.